बाबांचा फोन तलावपाळीला, बाबा भलतीकडेच

घोडबंदरी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज लिहायची वेळ बाबांनी आणली.

बाबा वय वर्षे ७७. उभा जन्म ठाण्यात, नौपाड्यात गेला. बिल्डिंग पुनर्विकासाला गेल्यामुळे दोन वर्षांपासून आमच्याकडे असतात, कासारवडवलीला. एकविसाव्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नाही. नाश्ता झाला की टीएमटीची बस पकडून तलावपाळी, म्हणजे तलावाचा काठ, तिथे त्यांचा कट्टा, कोपिनेश्वराला नमस्कार, आणि दीडपर्यंत घरी. मागच्या पावसाळ्यात पायरी चुकून पडले, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मला ऑफिसात जो फोन आला तो बाबांच्या नंबरवरून, पण आवाज कुणा अनोळखी पोराचा. तो अर्धा मिनिट मी विसरू शकत नाही. त्यानंतर मी त्यांच्या फोनवर लोकेशन सुरू केलं. चोरून नाही, सांगून केलं. ते "बरं" म्हणाले. (या "बरं"चे सतरा अर्थ होतात हे मला या वयात तरी कळायला हवं होतं.)

गेल्या रविवारी कपडे मशीनला टाकताना त्यांच्या शर्टाच्या खिशात एसटीची तिकिटं सापडली. ठाणे ते भिवंडी, भिवंडी ते वज्रेश्वरी. रक्कम शून्य, कारण ७५ च्या पुढे एसटी फुकट. तारीख मंगळवारची. मंगळवारी मी चार वेळा मोबाइलच्या नकाशावर त्यांच्या लोकेशनचा ठिपका बघितला होता. तलावाभोवती फेऱ्या चालल्या होत्या. मी मनात म्हटलंसुद्धा, वा, आज बाबा झकास चालतायत! बारा वाजता फोन केला तर त्यांच्या मित्राने उचलला, "अरे, ते जरा पलीकडे शेंगा आणायला गेलेत."

म्हणजे फोन मित्राच्या खिशात फेऱ्या मारत होता आणि पिताश्री वज्रेश्वरीला.

विचारलं तर म्हणाले, "अकलोलीच्या कुंडापाशी गरम पाण्यात पाय सोडून बसलो तासभर. गुडघ्याला बरं वाटलं. तुला सांगितलं असतं तर तू गाडी काढली असतीस." बायकोला सांगितलं तर ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ही काळजी नाहीये तुझी, हजेरी आहे."

तर माझं चुकलं का? आणि चुकलं असेल तर नेमकं कुठे?

चिंचोका

पहिल्यांदा त्या मित्राला साष्टांग दंडवत. असा मित्र मिळायला पूर्वपुण्याई लागते. बाकी चालू द्या, मी रुमाल टाकून ठेवलाय.

नेरूळची_माई

वहिनींना शंभर पैकी शंभर. पोळ्या लाटता लाटता माणूस खरं बोलतो.

रिकामटेकडा

सतरा अर्थांची यादी द्या हो. आमच्याकडे अजून नऊच सापडलेत.

आडवा_बाण

चुकलं नाही, फसगत झाली. तुमची, बाबांची नव्हे.

एलेन लँगर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. १९७५ साली त्यांचा एक प्रयोग छापून आला. ऑफिसातल्या लोकांना डॉलरला एक अशी लॉटरीची तिकिटं विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं ठेवलं. नंतर विचारलं, तुझं तिकीट केवढ्याला विकशील? ज्यांच्या हातात आयतं आलं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले, ज्यांनी स्वतः निवडलं त्यांनी ८.६७. सोडत तीच, जिंकायची शक्यता तेवढीच. फक्त आपण काहीतरी केलं या भावनेची किंमत चौपटीच्या वर गेली.

तुमचा ठिपका हे तसलंच तिकीट आहे. दिवसातून चार वेळा बघितल्याने बाबांचा पाय पायरीवर नीट पडणार होता का? पडले असते तरी ठिपका जागच्या जागी, तुमच्या लेखी बाबा बाकावर निवांत बसलेत. तुम्हाला वाटत होतं आपण लक्ष ठेवतोय. तुम्ही मित्राच्या खिशावर लक्ष ठेवत होतात.

घोडबंदरी

@आडवा_बाण, झोंबलं. पण चार तास एकाच जागी ठिपका दिसला असता तर मी फोन केला असताच की. अगदीच काही निरुपयोगी नाही.

आडवा_बाण

फोन केलातच ना बारा वाजता? उत्तर काय मिळालं? शेंगा.

चिंचोका

हसून हसून पुरेवाट. या धाग्याचं नाव बदलून "शेंगा" ठेवा.

उंबरठा

हसणं चालू आहे ते चालू द्या, पण एक दुसरी बाजू लिहिते.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. आईला स्मृतिभ्रंश आहे. दीड वर्षापूर्वी दुपारी दार उघडं राहिलं आणि ती निघून गेली. सात तासांनी जुईनगरला सापडली, एका दुकानाच्या पायरीवर बसलेली, पायात माझ्या मुलाची चप्पल. दुकानदाराने चहा दिला होता आणि ती त्याला भाऊ समजून गावच्या आंब्याचं विचारत होती. त्या दिवसापासून तिच्या गळ्यात एक छोटं यंत्र आहे. ती काढायला बघते, मी परत घालते. रोज. मला यात काडीचाही अपराधी भाव वाटत नाही. तेव्हा ज्येष्ठांचं स्वातंत्र्य वगैरे कृपया सरसकट नको.

नेरूळची_माई

@उंबरठा, तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. सात तास. वाचूनच पोटात गोळा आला.

घोडबंदरी

@उंबरठा, तुमच्यापुढे माझं गाऱ्हाणं फारच लहान आहे. बाबांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे, शब्दकोडं पेनाने सोडवतात. वज्रेश्वरीचा बेतही बघा, भिवंडीला गाडी बदलायची, परतीची वेळ साधायची, आणि दीडऐवजी पावणेदोनला घरी हजर. मला शंकासुद्धा आली नाही.

उंबरठा

मग तुमचा प्रश्न वेगळा आहे. माझ्या आईच्या वतीने मला ठरवावं लागतं, कारण तिला आता ठरवता येत नाही. तुमचे बाबा स्वतः ठरवतात आणि ते तुम्हाला आवडत नाही. या दोन गोष्टी एका पिशवीत नका घालू.

काळाकोट

@उंबरठा यांच्याशी सहमत. थोडी कायद्याची भर घालतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला, तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी हे उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. २०१२ मध्ये त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली तेव्हा ते ऐंशी ओलांडून बरेच पुढे गेलेले होते. त्या वयात माणूस सरकारला जाब विचारू शकतो, तुमचे ७७ चे बाबा वज्रेश्वरीला जाऊ शकत नाहीत?

(अर्थात तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्धचा. मुलाविरुद्ध कोर्टात जायला सांगत नाहीये, गैरसमज नको.)

रिकामटेकडा

लागलीच फी सांगा.

चौथी_सीट

मी टेबलाच्या पलीकडून लिहिते. वय २४, घर सीवूड्सला, नोकरी मुंबईत. माझा ठिपका माझ्या पप्पांकडे आहे, कॉलेजपासून.

मागे एकदा सीवूड्सच्या आधी नेरूळला उतरले, पाणीपुरी खायला. पहिली पुरी तोंडात, पाणी हनुवटीवरून ओघळतंय, आणि फोन. "तू नेरूळला का उतरलीस?" ओरडले नाहीत, साधंच विचारलं. मी तोंडातली पुरी कशीबशी गिळून म्हटलं, मैत्रिणीला पुस्तक द्यायचं होतं. पाणीपुरीला घरात बंदी नाही हो! तरी मी खोटं बोलले. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता मी कुठेही उतरायच्या आधी मनात उत्तर तयार ठेवते. पप्पा गेल्या सहा महिन्यांत एकदाही काही बोललेले नाहीत, बहुतेक बघतही नसतील. उत्तर मात्र रोज तयार असतं.

तुमच्या बाबांनी निदान मित्राला फोन तरी दिला. माझी तेवढी हिंमत नाही.

नेरूळची_माई

पोरी, पुढच्या वेळी नेरूळला उतरलीस की मला कळव. पाणीपुरी माझ्याकडून आणि साक्षीदारही मीच.

चिंचोका

आणि पप्पांचा फोन आला तर उचलणार कोण? शेंगावाले काका मोकळे आहेत का?

निवृत्त_पण_प्रवृत्त

मी ७२ वर्षांचा, ठाण्यातच. बाबांच्या बाजूने बोलणारा इथे कोणीतरी त्यांच्या वयाच्या आसपासचा हवा म्हणून लिहितो.

माझा मुलगा गुणी आहे, मुद्दाम सांगतो. चार वर्षांपूर्वी त्याने घरातली सगळी बिलं त्याच्या मोबाइलवर घेतली. वीज, गॅस, मालमत्ता कर, सगळं. "तुम्ही कशाला त्रास घेता?" मला बरं वाटलं. वर्षभराने कोणीतरी विचारलं, हल्ली विजेचं बिल किती येतं हो? मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी ते बिल युनिटसकट वाचलेलं. एसी लागला की किती वाढतं, पाहुणे आले की किती वाढतं, तोंडपाठ. आणि आता माझ्याच घराचं बिल मला ठाऊक नाही.

मग एक दिवस मी गुपचूप भरणा केंद्रावर जाऊन रोखीने बिल भरून आलो. मुलानेही भरलेलं होतं. पुढच्या बिलात जादा रक्कम जमा दिसली तेव्हा बिंग फुटलं. तो हसला, म्हणाला, बाबा, काय हे! मीही हसलो. पण खरं सांगतो, खिडकीतून पावती हातात आली तेव्हा मला जे वाटलं, ते निवृत्तीनंतर पहिल्यांदा वाटलं.

तुमच्या बाबांचं ते शून्य रुपयाचं तिकीट म्हणजे माझी पावती आहे. फेकलं नाहीत ना?

घोडबंदरी

नाही फेकलं. मशीनमधून वाचलं. फ्रिजला चिकटवलंय, बायकोने.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज असेच गुडघे आणि मनगटं बघते. भावनेचं वर झालंच आहे, मी जमिनीवरचं सांगते.

पडणारी बरीच माणसं घरात पडतात, प्रवासात नाही. बाथरूमची ओली फरशी, रात्री लघवीला उठल्यावर अंधार, झिजलेली स्लीपर, पायपुसण्याची दुमडलेली कड. झोपेच्या गोळीनेही तोल जातो. एकदा पडलं की माणूस घाबरतो, किंवा घरचे घाबरवतात. मग तो चालणं कमी करतो, मांड्यांची ताकद जाते, आणि पुढचं पडणं त्यामुळे जवळ येतं. तुमचे बाबा प्लास्टरनंतर भिवंडीला बस बदलून आले ही माझ्या लेखी चांगली बातमी आहे. एसटीच्या पायऱ्या चढणं म्हणजे व्यायामच.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक कार्ड असू दे. नाव, रक्तगट, चालू असलेली औषधं, दोन फोन नंबर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते ठळक. फोन मित्राकडे असला तरी कार्ड खिशात राहतं. आणि गरम पाण्यातून झटकन उभं राहू नका म्हणावं, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना चक्कर येते. चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले?

घोडबंदरी

@पाऊलवाट, चष्म्याचं आठवत नाही. म्हणजे लोकेशन दिवसातून चार वेळा आणि चष्मा... असो. वेळ घेतो.

आडवा_बाण

त्याच लँगरबाईंचा ज्युडिथ रोडिन यांच्यासोबतचा १९७६ चा वृद्धाश्रमातला प्रयोग इथे बसतो. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं, खोली कशी लावायची तुम्ही ठरवा, सिनेमा कुठल्या दिवशी बघायचा तुम्ही ठरवा, हे रोप निवडा आणि पाणी तुम्हीच घाला. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण पाणी परिचारिका घालणार. तीन आठवड्यांत पहिला मजला जास्त हसता-बोलता झाला. दीड वर्षाने बघितलं तर त्या मजल्यावर मृत्यूही कमी झालेले.

काळाकोट

त्या शेवटच्या वाक्याला आक्षेप. मृत्यूच्या आकड्यांच्या गणितात चूक झाल्याचं त्यांनीच पुढे प्रसिद्ध केलं. दुरुस्तीनंतर तो फरक एवढा ठाम राहिला नाही. माणसंही शंभराच्या आतच होती.

आडवा_बाण

मान्य. मृत्यूचं सोडा. हसता-बोलता मजला तरी ठेवाल?

काळाकोट

तो ठेवला.

रिकामटेकडा

अवांतर: आमच्या सोसायटीत नवीन नियम, बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घालायचा नाही. "इमारतीची शोभा जाते." मी विचारलं, शोभा कोण? तर ग्रुपमधून काढलं.

नेरूळची_माई

आमच्याकडे सिडकोच्या जुन्या बैठ्या घरांत कोणी विचारत नसे. टॉवर झाले आणि शोभाताई राहायला आल्या.

चिंचोका

रिकामटेकडा, तुम्हाला काढलं हे तुमच्या भल्यासाठीच. काळजी हो, दुसरं काय.

घोडबंदरी

टॉवेलवरून परत बाबांकडे येतो, कारण वरचं सगळं वाचून काल रात्री झोप लागली नाही.

एक गोष्ट मूळ पोस्टमध्ये लिहिली नव्हती. बाबा पडले तेव्हा रात्री आत्याचा फोन आला. "एवढ्या म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडलंस कसं?" मग काकांचा. मग पुण्याहून मामेबहिणीचा, "आमच्याकडे आम्ही बाबांना एकटं सोडतच नाही". लोकेशन सुरू केलं त्याच आठवड्यात मी आत्याला फोन करून ते सांगितलं. तिने विचारलं नव्हतं, मीच सांगितलं. ती म्हणाली, "शहाणा आहेस." खोटं का बोला, बरं वाटलं मला.

आता वाटतंय, तो ठिपका बाबांसाठी होता की आत्यासाठी?

रिकामटेकडा

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. विषय संपला.

नेरूळची_माई

विषय कसला संपतो. म्हण लिहिणाऱ्याला आत्या नव्हती. सासूबाई असताना मी सहा वर्षं रोज टीका ऐकली, पाठीवरून पाणी सोडल्यासारखी. पण सून कामावर जाते आणि म्हातारीला बाईवर टाकते असं एकदा शेजारीण म्हणाली, ते वाक्य अजून कानात आहे. घरच्यांचं चालतं, पण ज्याला आपल्या घरातलं काही ठाऊक नाही त्याचंच बोलणं खोल का जातं देव जाणे.

पण घोडबंदरी, एक विचारते. तू शाळेत असताना बाबा किती वाजेपर्यंत बाहेर राहू देत?

घोडबंदरी

दिवेलागणी. सातला बाबा गॅलरीत उभे. हाक मारायचे नाहीत, नुसते उभे राहायचे. राम मारुती रोडच्या कोपऱ्यावरून मला त्यांचा बनियन दिसायचा, तो दिसला की मी पळत सुटायचो.

माई, तुम्ही मुद्दाम विचारलंत.

चिंचोका

म्हणजे पिताश्री हे मूळ ठिपका.

चौथी_सीट

पण गॅलरीतले बाबा तुम्हाला दिसत होते ना? मला पप्पा दिसत नाहीत. कधी बघतायत, कधी नाही, काहीच कळत नाही. फरक तिथे आहे असं वाटतं.

उंबरठा

+१

निवृत्त_पण_प्रवृत्त

@चौथी_सीट, मी हे वाक्य माझ्या मुलाला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. रात्री विजेचं बिल छापून माझ्या टेबलावर ठेवलं होतं.

घोडबंदरी

दोन आठवड्यांनी वृत्तांत द्यायला आलोय. काही जणांनी निरोप पाठवून विचारलं होतं.

परवा शनिवारी बाबांबरोबर तलावपाळीला गेलो. कट्ट्यावरच्या मंडळींनी मला असं बघितलं की जणू शाळा तपासणी आलीय. शेंगावाले काका तर उठूनच गेले. आम्ही दोघं बाकावर बसलो, समोर पायडलच्या बोटी. मी म्हटलं, बाबा, चुकलं माझं. ते म्हणाले, "लोकेशनचं? त्याचं मला काही वाटलं नाही." मी चक्रावलो. मग म्हणाले, "पडलो त्या दिवशी डॉक्टरने विचारलं, दुखतंय का. तू म्हणालास, हो. त्याने विचारलं, प्लास्टर करायचं का. तू म्हणालास, करा. हात माझा होता रे. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो."

मला हे अजिबात आठवत नाही. मी त्यांच्यासाठी धावत होतो एवढंच आठवतं.

बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग त्यांनीच शेंगा मागवल्या.

सध्याची स्थिती: ठिपका बंद. कार्ड खिशात, @पाऊलवाट यांचे आभार. चष्म्याचा नंबर बदलला होता, दोन्ही डोळ्यांचा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी बाहेरच्या बाकावर बसलो. फ्रिजवर पाटी लावलीय, तिच्यावर कुठे जाणार ते बाबा लिहितात. काल लिहिलं होतं, "कुठे ते नंतर. जेवायला आहे." आत्याला सांगितलं. ती पाच मिनिटं बोलली, मी ऐकलं.

मला काळजी वाटायची थांबली असं नाही. आज सकाळी दोनदा फोन हातात घेतला, उघडला, आणि क्रिकेटचा स्कोअर बघून ठेवला.

येत्या मंगळवारी रजा टाकलीय. मी आलो तर चालेल का, असं बाबांना विचारलं. म्हणाले, "ये. पण तुला तिकीट काढावं लागेल."

रिकामटेकडा

वहिनी काय म्हणाल्या?

घोडबंदरी

डबा देतेय. दोघांचा.

पाऊलवाट

खोपटहून सकाळची गाडी धराल तर उजवीकडे बसू नका, भिवंडीपर्यंत ऊन लागतं. आणि सोबत एक टॉवेल जास्त न्या.

चिंचोका

येताना तो कठड्यावर वाळत घाला. शोभाताईंना कळवतो.